खळे आधी की खवणी?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या एका अडचणीवर लेख लिहायला घेतला आहे, हे कळताच मित्रमंडळींनी माझी यथेच्छ थट्टा केली. ‘कविता आटल्या वाटतं!’ असे एकाने तोंडावर विचारले. त्यांचे अगदीच चुकले असे मला म्हणता येणार नाही. मराठीत टंकणे आणि टंकलेले छापून घेणे, एवढाच माझा या यंत्राशी परिचय होता. तथापि गेल्या वर्षी एका साध्या वाटणाऱ्या कामापायी मला चार रात्री काळ्या पडद्यासमोर बसावे लागले. त्या चार रात्रींत जे उमगले ते माझ्यासारख्याच, विज्ञानाचा गंध नसलेल्या वाचकाच्या कधीतरी उपयोगी पडेल, म्हणून हा प्रपंच.

आमचे गाव चितेगाव. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला निघाले की नक्षत्रवाडी, कांचनवाडी मागे पडल्यावर, बिडकीनच्या अलीकडे ते लागते. रस्त्याच्या कडेला कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड आणि त्यांच्या मागे अजून तग धरून राहिलेली शेते, असे त्याचे रूप. आमच्या घरी आता बैल नाहीत. मळणी यंत्रावर होते आणि नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने. त्यामुळे हळस, शिवळ, तिवडा, बळद हे शब्द घरात एकट्या आजीच्या तोंडी उरले आहेत. तिचे वय ऐंशीच्या पुढे. मागल्या दिवाळीत ती आजारी पडली, तेव्हा प्रथमच माझ्या मनात आले की हे शब्द कोणी तरी लिहून घ्यायला हवेत. ती बरी झाल्यावर रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून मी शब्द टिपू लागलो. तीन महिन्यांत ११४६ शब्द झाले. आमच्या मराठीच्या सरांनी वही चाळली आणि म्हणाले, “वार्षिकात परिशिष्ट म्हणून छापू. पण अकारविल्हे लावून आण. आठ दिवसांत छपाईला द्यायचं आहे.”

शब्द संगणकावर टंकलेले होतेच. क्रम लावण्याचे बटण दाबले आणि क्षणात यादी लागली! आनंदाने छापून घेतली, तो पाहतो काय, ‘खलबत्ता’च्या लगेच पुढे ‘खळे’ आणि त्याच्या पुढे ‘खवणी’. ‘कुलूप’ झाले की लगेच ‘कुळव’. आपण लहानपणी ‘य र ल व, श ष स, ह ळ क्ष ज्ञ’ असे घोकलो आहोत. त्या हिशोबाने ‘खवणी’, ‘खसखस’ होऊन गेल्यावर मग कुठे ‘खळे’ यायला हवे. माझी यादी शेतीची, म्हणजे ‘ळ’ने नुसती भरलेली. सरांनी एक नजर टाकून कागद परत केला.

संगणकाचे असे का होते, ते थोडक्यात सांगतो. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला आहे. देवनागरीचा हा क्रम १९८८ साली भारतात ठरलेल्या ‘इस्की’ या प्रमाण पद्धतीवरून घेतला आहे. सर्व भारतीय लिप्यांची अक्षरे एकाच मांडणीत बसावीत अशी त्यात योजना होती. म्हणून त्यात ‘ल’ २३५४, ‘ळ’ २३५५ आणि ‘व’ २३५७ असे क्रमांक आले. (मधला २३५६ तमिळमधला एक उच्चार देवनागरीत दाखवण्यासाठी आहे.) केवळ आकड्यांवरून क्रम लावला तर ‘ळ’ हा ‘व’च्या आधीच येणार. ‘क्ष’ला तर स्वतःचा क्रमांकच नाही. तो ‘क’, हलन्त आणि ‘ष’ मिळून होतो, तेव्हा संगणकाच्या लेखी ‘क्षेत्र’ हा ‘क’चाच शब्द ठरतो.

यावर उपाय आहे. ‘आयसीयू’ नावाची एक लायब्ररी आहे. रुग्णालयातला अतिदक्षता विभाग नव्हे. ‘इंटरनॅशनल कॉम्पोनन्ट्स फॉर युनिकोड’चे हे लघुरूप. आयबीएमने १९९९ साली ती सर्वांसाठी मोकळी केली. तिच्यात निरनिराळ्या भाषांचे अक्षरक्रम तक्त्यांच्या रूपाने भरलेले आहेत आणि मराठीच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ह’नंतर आहे. पायथन या संगणकीय भाषेतून ती वापरायची तर ‘पायआयसीयू’ नावाचे पॅकेज लागते. आज्ञा एका ओळीची: ‘पिप इन्स्टॉल पायआयसीयू’. (या आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकाव्या लागतात, येथे उच्चाराप्रमाणे लिहीत आहे.) मी एक जुना लॅपटॉप घेतला होता, त्यावर उबुंटू होते. सांगितल्याप्रमाणे एक वेगळे आभासी वातावरण तयार केले, आज्ञा टंकली आणि एंटर दाबले.

पडदाभर लाल अक्षरे उमटली. मी शेवटच्या ओळी वाचल्या. त्यांचा आशय असा होता: ही चूक उपप्रक्रियेत उद्भवली असून बहुधा पिपचा दोष नाही. म्हणजे पिपने हात झटकले होते! मग दोष कोणाचा? माझाच, असे गृहीत धरून मी तीच आज्ञा सात-आठ वेळा पुन्हा दिली. पायथन काढून पुन्हा टाकले. लॅपटॉप बंद करून सुरू केला. पहिली रात्र अशी गेली. दुसऱ्या रात्री यादी हातानेच लावावी असे मनाशी ठरवून मी वही उघडली आणि ‘अ’च्या सतराव्या शब्दापाशी थांबलो.

माझे मामा पूर्वी पैठण रस्त्यावरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात फिटर होते. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी पिठाची गिरणी घातली. तिसऱ्या दिवशी मी दळण घेऊन गेलो, तेव्हा माझा चेहरा पाहून त्यांनी विचारले, “काय झालं रे?” मी सांगितले. संगणकातले त्यांना काही कळत नाही, हे ते स्वतःच आधी सांगतात. पण त्यांनी जे विचारले ते मला कोणीच विचारले नव्हते.

“शेवटचं नको सांगू. आधी काय अडलं?”

“म्हणजे कसं, मामा?”

“अरे, मशीन अडकलं की शेवटी फ्यूज उडतो. फ्यूज उडाला म्हणून फ्यूज बिघडला का? बेअरिंग कधीच जाम झालेलं असतं. वर जाऊन बघ, पहिली तक्रार कुणी केली ते.”

घरी येऊन मी लाल मजकूर खालून वर वाचत गेलो. पंधरावीस ओळी वर एक वाक्य सापडले, अगदी सरळ इंग्रजीत: आपल्या संगणकावर पीकेजी-कॉन्फिग बसवा, किंवा आपल्याकडे आयसीयूची कोणती आवृत्ती आहे ते सांगा. दोन रात्री ते तिथेच होते आणि मी खालचा फ्यूज बदलत बसलो होतो.

आता मुख्य गोष्ट. ती मला मामांच्या गिरणीतच कळली, म्हणून तिथलेच उदाहरण देतो. पोळी करायची तर पीठ दोन तऱ्हांनी मिळते. दुकानातून तयार पिशवी आणावी, नाही तर गहू आणून दळावा. संगणकाच्या पॅकेजचेही असेच आहे. पायथन ही भाषा लिहायला सोपी, पण कामाला मंद. म्हणून पुष्कळ पॅकेजांतील जड काम सी किंवा सी प्लस प्लस या भाषांत लिहिलेले असते. सी ही भाषा १९७२च्या सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. तिच्यात लिहिलेले माणसाला वाचता येते, यंत्राला जसेच्या तसे चालवता येत नाही. ते यंत्राच्या भाषेत दळून घ्यावे लागते. हे दळणारे साधन म्हणजे कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली सर्वांना फुकट वापरण्यासाठी खुला केलेला जीसीसी हा त्यातला फार प्रसिद्ध.

पॅकेज करणाऱ्याने ते निरनिराळ्या संगणकांसाठी आधीच दळून ठेवले असेल, तर पिप ती तयार पिशवी उतरवून घेते आणि काम क्षणात होते. या तयार पिशवीला ‘व्हील’ म्हणतात. हे नाव चाकावरून आले आहे असे मला वाटायचे. ते चीजच्या मोठ्या वाटोळ्या चक्क्यावरून आलेले आहे. पायथन हे नाव मुळात एका इंग्रजी विनोदी मंडळावरून पडले, त्यांच्या एका प्रहसनात चीजचे दुकान असते आणि त्यात चीजच नसते, म्हणून पायथनच्या पॅकेज-भांडाराला गमतीने ‘चीज शॉप’ म्हणू लागले. त्या दोन रात्रींत मला हा विनोद चांगलाच पटला असता!

तयार व्हील नसेल तर पिप न बोलता मूळ गहू, म्हणजे सोर्स, उतरवते आणि तुमच्या घरी दळायला बसते. गिरणी आहे की नाही, हे ती आधी विचारत नाही. सर्वसामान्य माणसाच्या संगणकावर ती नसतेच, कारण रोजच्या वापराला तिची गरज पडत नाही. लाल अक्षरांचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो. मी पॅकेज उतरवले तेव्हा भांडारात पायआयसीयूचा गहूच तेवढा होता, पीठ नव्हते.

मग मी एकेक तक्रार घेतली. पीकेजी-कॉन्फिग म्हणजे एक प्रकारचा कोठीवाला. कोणती लायब्ररी कुठे ठेवली आहे हे तो सांगतो. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पीकेजी-कॉन्फिग’ या आज्ञेने तो आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा लाल अक्षरे. पण या वेळी मी थेट वर गेलो आणि मला आनंद झाला, कारण तक्रार बदलली होती. कोठीवाला म्हणत होता, आयसीयू मला सापडत नाही.

येथे मी पुन्हा अडलो. आयसीयू तर माझ्या संगणकावर होती! उबुंटूतील कित्येक कार्यक्रम ती वापरतात, त्यामुळे ती आपोआप आलेली असते. मग सापडत नाही म्हणजे काय? हेही मामांनाच विचारले. ते थोडा वेळ पट्ट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मशीन बसवलेलं असतं रे, पण त्याला नवा भाग जोडायचा तर ड्रॉइंग लागतं. चालवणाऱ्याला ड्रॉइंग लागत नाही, जोडणाऱ्याला लागतं.” याहून नेमके उत्तर मला नंतर कुठल्याही पुस्तकात मिळाले नाही. लायब्ररी चालण्यासाठी एक भाग लागतो. तिला नवे काही जोडायचे तर ‘हेडर’ नावाच्या फाइली लागतात. कोणत्या कामाला कोणत्या नावाने हाक मारायची आणि त्याला काय काय द्यायचे, हे त्यांत लिहिलेले असते. उबुंटूत हे दोन भाग वेगळे ठेवतात आणि दुसऱ्याच्या नावापुढे ‘डेव्ह’ असे शेपूट लावतात. मला हवे होते ‘लिबआयसीयू-डेव्ह’. हे शेपूट ध्यानात राहिले तर अशा निम्म्या तरी अडचणी सुटतात, असे माझे मत आहे.

ते बसवले. पुढची तक्रार: कंपायलरला चालवायला गेलो, पण या नावाची फाइलच नाही. म्हणजे आता कुठे खुद्द गिरणीची पाळी आली. ती आणण्यासाठी ‘बिल्ड-इसेन्शियल’ नावाचा एक गठ्ठाच मिळतो. त्यात सी आणि सी प्लस प्लसचे कंपायलर, ‘मेक’ हे साधन आणि इतर आवश्यक सामान एकत्र असते. तो उतरायला आमच्या गावातल्या मोबाइलच्या जाळ्यावर बराच वेळ लागला. तेवढ्यात जेवण उरकले. पुढची तक्रार शेवटची निघाली: ‘पायथन डॉट एच’ ही फाइल नाही. ‘एच’ म्हणजे हेडर, हे आता कळत होते. म्हणजे खुद्द पायथनचे ड्रॉइंग हवे. त्याचे नाव ‘पायथन३-डेव्ह’. शेपूट तेच.

चौथ्या रात्री साडेअकराच्या सुमारास आज्ञा दिली. पडदा थोडा वेळ स्तब्ध राहिला. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. आत खरोखरच दळण चालले होते. मग एक साधी पांढरी ओळ आली की पॅकेज यशस्वीपणे बसले. शेजारी आजी जागीच होती. “झालं का रे?” असे तिने अंधारातूनच विचारले.

एक कबुली द्यायला हवी. हे सर्व झाल्यावर मला समजले की उबुंटूच्या स्वतःच्या भांडारात हेच पॅकेज ‘पायथन३-आयसीयू’ या नावाने दळून तयार ठेवलेले असते. एका आज्ञेत काम झाले असते. तेव्हा वाचकाने गिरणी घालण्यापूर्वी तयार पीठ कुठे मिळते का, हे आधी पाहावे. मी पाहिले नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही, पण छपाईची तारीख डोक्यावर असताना ते शहाणपणाचे नव्हते.

माझा अनुभव ऐकून वर्गातला एक मित्र आपली तक्रार घेऊन आला. त्याच्याकडे विंडोज. त्याला जुन्या मजकुरातील मराठी ओळी आणि हिंदी ओळी वेगळ्या करायच्या होत्या आणि त्यासाठी ‘फास्टटेक्स्ट’ हे पॅकेज हवे होते. फेसबुकच्या संशोधन विभागाने ते २०१६ साली खुले केले. त्याच्या पडद्यावर आले होते: मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० किंवा त्यापुढील आवश्यक. त्याने ते नाव शोधून ‘रीडिस्ट्रिब्युटेबल’ नावाची फाइल बसवली होती, तीही दोनदा. तक्रार जशीच्या तशी. येथे पुष्कळजण फसतात, कारण नावे सारखी आहेत. रीडिस्ट्रिब्युटेबल हे दळलेले पीठ वापरणाऱ्यासाठी असते. दळण्यासाठी हवे ‘बिल्ड टूल्स’. ते मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यावे आणि बसवताना ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी प्लस प्लस’ या चौकटीत खूण करावी. ती राहिली तर गिरणीचे नुसते जोते बांधले जाते, आत यंत्र नसते. हे प्रकरण काही जीबींचे आहे, म्हणून त्याने ते महाविद्यालयातून उतरवून घेतले. मॅक वापरणाऱ्यांसाठी ‘एक्सकोड-सिलेक्ट’ची एक छोटी आज्ञा असते, असे वाचले, आमच्यात मॅक कोणाकडे नाही.

विंडोजवाल्यांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. पायथनची अगदी ताजी आवृत्ती आली की पॅकेज करणाऱ्यांनी तिच्यासाठी व्हील बनवायला काही काळ जातो. तोवर पिप गहू आणते आणि ज्याच्याकडे गिरणी नाही तो अडतो. कालपर्यंत बसणारे पॅकेज आज का बसत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. एखादी आवृत्ती मागची घेतली की प्रश्न मिटतो. आणि पिपला आधीच बजावताही येते की तयार पीठ असेल तरच आण. त्यासाठी ‘ओन्ली-बायनरी’ असा पर्याय आहे. मग निदान नकार तरी एका ओळीत मिळतो.

यादी सरांना वेळेत दिली. त्या आधी, म्हणजे पॅकेज बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ती मी आजीला वाचून दाखवली होती. तिने ओसरीवर बसून ‘ख’ पूर्ण ऐकला. ‘खलबत्ता’, ‘खवणी’, ‘खसखस’ आणि मग ‘खळे’.

“खळं इतकं मागं का रे?” ती म्हणाली. “सगळं धान्य तिथूनच तर घरात यायचं.”

मी तिला ‘ळ’ची जागा समजावून सांगू लागलो. तिने अर्धेच ऐकले. ‘प’ आला तेव्हा तिने मला थांबवले. “पाचुंदा लिहिला न्हाईस का? कडब्याच्या पाच पेंढ्यांचा पाचुंदा.” नव्हता लिहिला. मी तिथेच बसून तो टंकला आणि आज्ञा पुन्हा दिली. ‘पाचट’ आणि ‘पाटा’ यांच्यामध्ये तो जाऊन बसला. यादी ११४७ शब्दांची झाली. आजी म्हणाली, “वाच पुढं.”